किरगिझ घरी जेवायला जाताना: चहाच्या निमंत्रणापासून पिशवी घेऊन निघेपर्यंत

बिश्केक आणि ओशमध्ये एमबीबीएस शिकणारी हजारो भारतीय मुलं आहेत, त्यांत महाराष्ट्रातली मुलंही बरीच आहेत. त्यांच्याकडून, आणि उन्हाळ्यात किरगिझस्तानचे डोंगर बघून आलेल्या पर्यटकांकडून, ठरलेला प्रश्न येतो: वर्गमित्राच्या आईनं जेवायला बोलावलंय, मी मांस खात नाही, जाऊ की नको? जा. किरगिझ घरात तुम्ही किती खाल्लं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. समोर आलेल्याची चव घेतली का, आणि वाटपाच्या क्रमात तुमची जागा नीट सांभाळली का, एवढंच पाहिलं जातं. हे दोन्ही शाकाहारी माणसाला जमण्यासारखं आहे. कसं, ते क्रमानं सांगतो.

आधी थोडं कारण. या देशाचा बहुतेक भाग डोंगराळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोव्हिएत राजवटीनं सामूहिक शेतीसाठी लोकांना गावांत वसवलं, तोवर बहुतेक किरगिझ लोक कळप घेऊन उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर आणि थंडीत खोऱ्यात, असे फिरत असत. वाटेत ना धर्मशाळा, ना खाणावळ. अंधार पडला की जो तंबू दिसेल तिथे घोडा बांधायचा. आज मी तुला जेवू घातलं, उद्या माझा मुलगा तुझ्या दारात उभा असेल, हा व्यवहार सगळ्यांनाच परवडणारा होता. अनपेक्षितपणे आलेल्या पाहुण्याला ‘कुदायी कोनोक’, म्हणजे देवानं धाडलेला पाहुणा, म्हणतात. आता लोक फ्लॅटमध्ये राहतात, पण नियम बरेचसे कुरणावरचेच आहेत.

निमंत्रण नेमकं कशाचं आहे ते विचारा

‘चहा प्यायला ये’ याचा अर्थ फक्त चहा असा कधीच नसतो. त्यात पाव, साय, मुरंबे, सॅलड, बहुतेक वेळा एक गरम पदार्थ आणि दोनेक तास धरून चाला. जेवून जाऊ नका.

‘तोय’ म्हणजे समारंभ. लग्न, मूल झाल्याचा ‘जेनतेक’, मूल चालायला लागल्यावर त्याच्या पायातला दोरा कापण्याचा ‘तुशो केसू’, असं काहीही. शहरात तोय कॅफेच्या मोठ्या हॉलमध्ये होतो आणि कार्डावरच्या वेळेनंतर तास-दीड तासानं सुरू होतो. तिथे प्रत्येक टेबलावरच्या माणसांना माईकवर बोलावून शुभेच्छा द्यायला लावतात. परदेशी पाहुण्याला तर हमखास. चार ओळी पाठ करून ठेवा. रशियन, किरगिझ, इंग्रजी, काहीही चालतं. मराठीत बोललात तर टाळ्या जास्तच पडतील.

‘आश’ म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ, बहुधा वर्षभरानं दिलं जाणारं मोठं जेवण. ‘कुदायी’ म्हणजे संकट टळल्याबद्दल किंवा पुण्य म्हणून घातलेलं छोटं जेवण. दोन्हीकडे शांतपणे जायचं, कपडे साधे घालायचे. ‘शेरिने’ म्हणजे मित्रमंडळानं किंवा वर्गमित्रांनी आळीपाळीनं एकेकाकडे जमायचं. जेवण आणि बरेचदा पैशांची फिरती पुंजीही, थोडक्यात आपली भिशी. तिथे तुम्हाला नेलं तर समजा की बरेच जवळचे झालात.

आणि २१ मार्चच्या नोरूझला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, मात्र निमंत्रणाची वाट बघू नका. मोड आणलेल्या गव्हाचं ‘सुमोलोक’ मोठ्या कढईत रात्रभर शिजतं, आळीतल्या बायका पाळीपाळीनं ढवळतात, सकाळी शेजारीपाजारी वाटतात. साखर न घालता गोड लागतं आणि पूर्ण शाकाहारी आहे. वाडगा घेऊन जा.

खाण्याचे नियम आधीच सांगा, ताटावर नको

शाकाहारी असाल तर निमंत्रण आलं त्याच वेळी सांगा. ‘मेन एत जेबेय्म’, मी मांस खात नाही. फक्त गोमांस चालत नसेल तर ‘मेन उय एतिन जेबेय्म’. हे दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण ‘एत’ म्हटलं की त्यात मेंढी, गाय, घोडा सगळं आलं आणि डोंगराळ भागात याकसुद्धा. मेंढीला ‘कोय’, गाईला ‘उय’, घोड्याला ‘जिल्की’ एवढे तीन शब्द ओळखता आले की पुढचं ताट वाचता येतं. ‘चुचुक’ किंवा ‘काझी’ नावाच्या जाड चकत्या दिसल्या तर ते घोड्याचं मांस. ते तुमच्यासमोर ठेवलंय म्हणजे तुमचा मान मोठा आहे, महाग असतं ते.

आयत्या वेळी ताट समोर आल्यावर नको म्हटलं तर यजमानीण कानकोंडी होते. आदल्या दिवशी कळलं तर ती बटाटे, अंडी, भोपळा घातलेले, मोदकासारखे वाफवलेले मांती असं काहीतरी करते. तरी ‘थोडंसंच मांस आहे’ किंवा ‘हे तर चिकन आहे’ असं ऐकायची तयारी ठेवा. ती चेष्टा नसते, तिच्या लेखी ही खरीच सवलत असते. धर्माचं कारण लोकांना चटकन पटतं. ‘आमच्या घरात चालत नाही’ म्हटलं की वाद संपतो, आरोग्याचं कारण दिलं तर औषधांवर चर्चा सुरू होते.

हातात काय न्यायचं

रिकाम्या हातानं जायचं नाही. केक, फळं, चहाचा चांगला पुडा, मुलांना चॉकलेट, एवढं पुरतं. भारतातून परतल्यावर पहिल्यांदा जात असाल तर मुलांसाठी काहीतरी असतंच असं गृहीत धरलेलं असतं. प्रवासातून आणलेल्या या भेटीला ‘बाझारलिक’ म्हणतात. सोनपापडी, काजूकतली छान खपते. नवजात बाळ किंवा नवी सून पहिल्यांदा बघत असाल तर ‘कोरुमदुक’ द्यावं लागतं, मुखदर्शनाचे पैसे म्हणा हवं तर. तोयला पाकीट न्यायचं, किती घालायचं ते वर्गमित्राला आधी विचारायचं. फुलं नेणार असाल तर मोजून विषम संख्येत. सम संख्या मयताला, हा रशियन संकेत शहरांत पक्का रुजलाय.

दार, बूट, हात

उंबरठ्यावर उभं राहून हस्तांदोलन करू नका, आत या, मग. बूट काढा. मोजे फाटके नसावेत, हे वसतिगृहातल्या मुलांना वेगळं सांगतो. पुरुष पुरुषांशी हात मिळवतात, आणि मोठ्या माणसाशी मिळवताना डावा हात छातीवर किंवा कोपराशी ठेवतात. स्त्रीनं स्वतः हात पुढे केला नाही तर मान लववा. मोठ्या भावाच्या वयाच्या माणसाला ‘बायके’, मोठ्या बहिणीच्या वयाच्या बाईला ‘एजे’, मित्राच्या आईला आणि म्हातारीला ‘आपा’, म्हाताऱ्याला ‘आता’. नुसत्या नावानं मोठ्यांना हाक मारत नाहीत.

गावात हात धुवायला घरातला लहान मुलगा तांब्यासारखी ‘कुमगान’ आणि तस्त घेऊन फिरतो, सुरुवात सगळ्यात मोठ्या माणसापासून. धुतल्यावर हात झटकायचे नाहीत. पाणी तस्तात निथळू द्या आणि दिलेल्या पंच्याला पुसा. झटकणं अशुभ मानतात आणि आज्या ते लगेच टोकतात.

बसायची जागा तुम्ही निवडायची नाही

दारासमोरची, दारापासून सगळ्यात लांबची जागा म्हणजे ‘तोर’. तिथे ज्येष्ठ किंवा मानाचा पाहुणा. तिथून दाराकडे येता येता वय आणि मान उतरत जातो. दाराजवळ घरची सून, ‘केलिन’, बसते, कारण चहा तिला ओतायचा असतो आणि सारखं उठायचं असतं. म्हणून आत गेलात की उभे राहा आणि ‘इथे बस’ असं सांगितलं जाईपर्यंत थांबा. वर बोलावलं तर एकदा संकोच दाखवा, दुसऱ्यांदा म्हटलं की जा. तिसऱ्यांदा नाही म्हणणं हा नम्रपणा राहत नाही.

तंबूत, म्हणजे ‘बोझ ऊय’मध्ये, आत शिरल्यावर उजवीकडचा भाग बायकांचा, तिथेच स्वयंपाकाचं सामान असतं. डावीकडे पुरुषांचा भाग, खोगीर-लगाम वगैरे. समोर पेटाऱ्यावर रजया रचलेल्या असतात, त्यांच्यापुढे तोर.

जमिनीवर पसरलेल्या कापडावर जेवण मांडतात. तो ‘दस्तोरकोन’. टेबल असलं तरी मांडलेल्या जेवणाला तेच नाव. त्यावरून पाय टाकून जायचं नाही, तळवे त्याच्याकडे करून बसायचं नाही. मांडी घातली की प्रश्नच मिटतो, आणि ते आपल्याला युरोपियन पर्यटकांपेक्षा बरं जमतं.

चहा आणि पाव: इथेच अर्धं काम होतं

दस्तोरकोनवर आधीपासूनच सगळं मांडून ठेवलेलं असतं. ‘नान’, तळलेले लहान चौकोनी ‘बोरसोक’ ढिगानं पसरलेले, जाड साय म्हणजे ‘कायमाक’, लोणी, जर्दाळूचे आणि रासबेरीचे मुरंबे, सुकामेवा, गोळ्या. रिकामी जागा दिसू देत नाहीत.

नान हातानं तोडतात, सुरीनं नाही. तोडायचं काम घरचा माणूस किंवा ज्येष्ठ करतो. नान पालथा ठेवायचा नाही, त्यावर काही ठेवायचं नाही, तुकडा खाली पडला तर उचलायचा. पहिला घास नानचाच घ्या. अगदी दोन मिनिटांसाठी वही परत करायला गेलात आणि आत यायला वेळ नसला, तरी दारातच नान पुढे करतील आणि म्हणतील, ‘ओझ तियिनिझ’, तोंडाला लावा. एक चिमूट तोडायची, खायची, ‘राखमात’, म्हणजे धन्यवाद, म्हणायचं आणि जायचं. ‘भूक नाही’ हे उत्तर इथे बसतच नाही, कारण भुकेबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

चहा ‘पियाला’त, म्हणजे बिनकानाच्या वाटीत येतो. उत्तरेत, बिश्केक-नारिनकडे, काळा आणि बरेचदा दूध घातलेला. दक्षिणेत ओशकडे हिरवा. सून पियाला अर्धाच भरते. कंजूषपणा नव्हे. अर्धा भरला म्हणजे गरमच पिता येतो, पुन्हा पुन्हा भरता येतो, आणि तिचं लक्ष तुमच्याकडे असल्याचं दिसतं. काठोकाठ भरलेला चहा हा ‘आता उठा’ असा इशारा समजतात. पियाला उजव्या हातानं घ्या, उजव्या हातानं परत द्या. मध्ये बसलेले लोक तो हातोहात पुढे सरकवतात, तेव्हा दुसऱ्याचा पियालाही तुमच्या हातून जाणार. पुरे झालं की पियालावर तळहात ठेवा आणि ‘राखमात’ म्हणा. रिकामा पियाला नुसता पुढे करत राहिलात तर तो भरतच राहणार.

मांस: कोणाचा वाटा कोणता

मोठ्या पाहुणचाराला मेंढी कापतात. कापण्याआधी ती पाहुण्यांसमोर आणून ज्येष्ठाकडून ‘बाता’, म्हणजे आशीर्वाद, घेतात. तळहात वर करून तो बोलतो, शेवटी सगळे ‘ओमीन’ म्हणून हात चेहऱ्यावरून फिरवतात. हे पाहवणार नसेल तर तेवढ्यापुरतं मुलांबरोबर बाहेर जा, कुणी काही म्हणणार नाही.

मांस मोठमोठ्या तुकड्यांत, जवळजवळ फक्त मिठात, दोन-तीन तास उकळतं. मग येतं वाटप, आणि खरा किरगिझ समाज इथे दिसतो. हाडासकटच्या वाट्याला ‘उस्तुकान’ म्हणतात. एका मेंढीचे मुख्य बारा: कमरेची दोन हाडं म्हणजे जामबाश, मांडीची दोन, नडगीची दोन, खांद्याची दोन पाती, आणि पुढच्या पायांची वरची दोन व खालची दोन. शिवाय शेपटीकडचा भाग, फासळ्या, मणके. जामबाश ज्येष्ठ पुरुषाला, शेपटीकडचा चरबीचा भाग ज्येष्ठ स्त्रीला, मग उतरत्या क्रमानं. डोकं कुणाला द्यायचं हे प्रांताप्रमाणे आणि घराप्रमाणे बदलतं. मानाच्या पाहुण्याला मिळण्याची शक्यता भरपूर. हे सगळं वाटणारा माणूस अनुभवी असतो. कोण कुणापेक्षा किती महिन्यांनी मोठा, कोण कुणाचा जावई, हे त्याला पाठ असतं. वाटा चुकला तर माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, म्हणून तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत वय विचारलं तर चांभारचौकशी समजू नका. तुमचं हाड ठरत असतं.

डोकं तुमच्यापुढे आलं तर घाबरू नका. संपवायचं नसतं, वाटायचं असतं. गालाचा छोटा तुकडा कापून चव घ्या, कान कापून लहान मुलांना द्या, बाकी शेजारच्या ज्येष्ठाकडे सरकवा. सुरी देताना मूठ समोरच्याकडे. घोट्याची छोटी हाडं, ‘चुको’, मुलं खेळायला पळवतात.

उस्तुकान खाताना हाडावरचं थोडं मांस तरुण मुलं धारदार सुरीनं बारीक चिरतात. ते नूडल्समध्ये मिसळून, कांद्याचा रस्सा घालून ‘बेशबारमाक’ तयार होतं. मोठ्या परातीत येतं आणि एका परातीतून तीन-चार जण हातानं खातात. उष्ट्या-खरकट्याच्या कल्पनेत वाढलेल्यांना इथे अडखळायला होतं. आपल्या बाजूचंच खायचं, मधे हात घालायचा नाही, एवढा शिस्तीचा भाग आहेच. चमचा मागितला तर मिळतो. एखादे आजोबा मूठभर बेशबारमाक स्वतःच्या हातानं तुमच्या तोंडात घालायला आले तर मात्र तोंड उघडा. तेवढं प्रेम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. दक्षिणेत मुख्य पदार्थ उझगेनच्या तांबूस तांदळाचा ‘पालो’ असू शकतो, त्यातही मांस आणि चरबी असतेच.

लग्नाच्या बोलणीत मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज एकत्र, ‘कुयरुक-बोर’, वाढलं जातं. ते व्याह्यांनी खायचं असतं, त्यानं सोयरीक पक्की होते. तुम्ही नुसते वर्गमित्र म्हणून गेला असाल तर त्या ताटलीकडे हात नेऊ नका.

शाकाहारी माणसाचं ताट

नान, कायमाक, मुरंबे, दह्यासारखं ‘आयरान’, काकडी-टोमॅटोचं सॅलड, फळं यांवर पोट उत्तम भरतं. सावध कुठे राहायचं तर बेशबारमाकच्या नूडल्स मांसाच्या पाण्यातच शिजतात, तेव्हा ‘मांस बाजूला काढून देते’ याचा उपयोग नाही. ‘शोरपो’ म्हणजे तेच पाणी. बोरसोक घरोघरी आता तेलात तळतात, कुरणावर मात्र चरबीतही, विचारून घ्या. ‘कुरुत’ म्हणजे वाळवलेल्या खारट दह्याचे दगडासारखे गोळे. प्रवासात खिशात ठेवायला झकास.

उस्तुकान तुमच्यापुढे आलाच, आणि तो येणारच, कारण पाहुण्याला वाटा न देणं अशक्य, तर परत ढकलू नका. दोन्ही हातांनी घ्या, ‘चोंग राखमात’ म्हणा, थोडा वेळ समोर राहू द्या आणि मग शेजारच्या लहान मुलाला किंवा मित्राला द्या. वाटा मिळणं हा मान, तो पुढे देणं हेही मान्य. इसिक-कोलकडे काराकोलला गेलात तर डुंगान लोकांचं, म्हणजे चीनमधून आलेल्या मुसलमानांचं, ‘आशल्यामफू’ खा. थंड नूडल्स, स्टार्चच्या वड्या, अंडं, व्हिनेगरचा तिखट-आंबट रस्सा. सहसा मांस नसतं, आणि तिखटाची तलफही भागते.

किमिझ आणि व्होडका

उन्हाळ्यात कुरणावर घोडीचं आंबवलेलं दूध, ‘किमिझ’, येणार. धुरी दिलेल्या चामड्याच्या पिशवीत घुसळलेलं, आंबट, किंचित फसफसणारं, धुराच्या वासाचं. थोडं मद्यार्क असतं. पहिल्या दिवशी अर्ध्या वाडग्यावर थांबा, पोटाला सवय नसते. नको असलं तरी ओठाला लावा. उरलेलं जमिनीवर ओतायचं नाही. दूध, दही, किमिझ, सगळं ‘आक’, म्हणजे पांढरं, आणि पांढऱ्याचा अपमान करत नाहीत. वाडगा तसाच परत द्या, दुसरा कुणी पिईल.

व्होडकाचं घराघरावर अवलंबून. धार्मिक घरांत नसते. असली तर प्रत्येकानं दोन शब्द बोलून पेला उचलायचा. पीत नसाल तर सुरुवातीलाच सांगा आणि चहाचा पियाला उचला. पहिला पेला घेऊन दुसऱ्याला नाही म्हणणं फार कठीण जातं.

ओमीन झालं की हात आखडा

जेवण संपलं असं ज्येष्ठाला वाटलं की तो तळहात वर धरून बाता देतो. तुम्हीही धरा. ओमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले की त्यानंतर काही खायचं नाही, समोर कितीही काजू राहिले असोत. बाताआधी मधूनच उठून जाणं वाईट. लवकर निघायचंच असेल तर यजमानाच्या कानात आधी सांगा, मग ते तुमच्यासाठी लवकर बाता उरकतात.

निघताना हातात प्लॅस्टिकची पिशवी येईल: उरलेलं मांस, बोरसोक, गोळ्या. याला ‘केशिक’ म्हणतात आणि घरी राहिलेल्यांचा तो वाटा असतो. नाही म्हणू नका. मांस खात नसाल तर खोलीतल्या मित्राला द्या, किंवा वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला. ते खूश होतात. कचऱ्यात टाकायचं नाही.

सोंग-कोल तलावासारख्या ठिकाणी, ३०१६ मीटर उंचीवर, तंबूंत पैसे देऊन राहायची सोय आहे. तिथे दर आधी विचारा आणि पूर्ण पैसे द्या, त्यात संकोच नको. पण वाटेत एखाद्या धनगरानं स्वतः आत बोलावून किमिझ पाजलं तर त्याच्या हातात नोटा कोंबू नका. साखर, चहा, फळं, मुलांना वह्या-पेनं द्या. शहरातून वर चढताना हे सामान बरोबर ठेवा, वर दुकान नसतं.

आणि परतफेड म्हणून त्यांना तुमच्या खोलीवर बोलावणार असाल तर मांस हलाल आणा, तिखट निम्मं करा, चहा आणि पाव आधी मांडा. आमटी-भात नंतर. सगळ्यात मोठ्या माणसाला दारापासून लांब बसवा, शेवटी बाता त्यांनाच द्यायला सांगा, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात पिशवी द्या. डबा देऊ नका, तो ते रिकामा परत पाठवणार नाहीत आणि ही देवाणघेवाण सेमिस्टर संपेपर्यंत चालू राहील.